निरोप्या

"ज्या घरातली सकाळ शांत, त्या घरात विद्या पाय रोवून राहते, आणि ज्या घरात सकाळी आवाज चढला, त्या घरातून ती मागच्या दारानं निघून जाते."

हे वाक्य रामरावांनी कुंभार पिंपळगावातल्या आपल्या घराच्या ओसरीवर उभं राहून उच्चारलं. इतक्या मोठ्यानं उच्चारलं, की गोठ्यातल्या गाईनं पान्हा चोरला आणि शेजारच्या दुर्गाबाई कुणी गेलं की काय हे बघायला डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आल्या.

"कोणी न्हाई गेलं," रामराव त्यांना म्हणाले. "आमच्यात शांतता करून राह्यलो."

"बरं बरं," दुर्गाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. पण दार उघडं ठेवून गेल्या.

त्या काळात हैदराबादेत फर्मानं निघत आणि त्यांची बातमी पिंपळगावापर्यंत यायला पुष्कळ दिवस लागत. रामरावांच्या घरातली फर्मानं मात्र ओसरीवरून निघाली की लगेच स्वयंपाकघरात पोहोचत. फरक एवढाच, की हैदराबादची फर्मानं लोक पाळत.

रामरावांना हे फर्मान काढावं लागलं ते पोरापायी. त्यांचा एकुलता मुलगा बद्रीनाथ सरकारी मदरशात तिसरीत होता. मदरसा म्हणजे मारुतीच्या देवळाशेजारची एक लांबट खोली. पोरगं हुशार होतं. पाढे तोंडपाठ, उर्दूची अक्षरंसुद्धा सरळ काढायचं. पण घंटेच्या आधी मदरशात पोहोचलेलं त्याला कोणी पाहिलं नव्हतं. अंबडहून आलेले राधाकिसन मास्तर एकदा बाजाराच्या दिवशी रामरावांना आडवे आले.

"रामराव, तुमचा मुलगा बिलकुल हुशार हाय," मास्तर म्हणाले. "पण दुआ म्हणताना मला तो कधी दिसला न्हाई. आता मोहतमीमसाहेब तपासणीला यायचेत. त्यांच्यापुढं अर्धी सकाळ गेल्यावर टोपी सावरत आत येणारं पोरगं मी कसं दाखवू? यापुढं घंटेनंतर एकदा जरी आला, तर नाव खारिज."

"खारिज म्हंजे?"

"म्हंजे उद्यापासून ढोरं राखायला बराबर वेळेवर जाईल."

रामराव तिथंच भाजीच्या पाटीजवळ उभे राहिले. त्यांच्या घरात चौथी पास झालेला माणूस अजून व्हायचा होता. ते स्वतः दुसरीतून निघाले होते. का निघालास म्हणून कोणी विचारलं, तर "मास्तर वाईट होता" असं ते सांगत. मास्तर केव्हाच वारला होता, त्यामुळे त्याची बाजू मांडायला कोणी नव्हतं. बद्री चौथी पास होईल, मग जालन्याला पुढच्या मदरशात जाईल, हे रामरावांनी मनात इतक्यांदा ठरवलं होतं, की शेतात औतामागं चालतानासुद्धा ते मधूनच पोराला जालन्याच्या गाडीत बसवून द्यायचे, आणि बैल उभे राहायचे.

आता या घरातली सकाळ कशी होती ते सांगितलं पाहिजे.

रामरावांचे वडील काकासाहेब पहाटेपासून ओसरीवर घोंगडी टाकून बसत. त्यांना घरातले, गावातले, सगळेच काकासाहेब म्हणत, रामरावही. काकासाहेब ओसरीवर असताना रामरावांनी बायकोशी तोंडानं बोलणं म्हणजे बेअदबी. त्यांच्या बायकोनं, सगुणाबाईंनी, सासऱ्याशी बोलणं तर त्याहून मोठी. रात्री दोघं काय बोलत असतील ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण दिवसाउजेडी लग्नाला बारा वर्षं होऊनही एक शब्द थेट गेलेला नव्हता. आणि घर तर चालवायचं असतं. म्हणून मग जे काही असेल ते बद्रीमार्फत.

बद्री दातात लिंबाची काडी धरून न्हाणीपाशी उभा असायचा.

"बद्री, इचार तुझ्या मायला, माझा पटका कुठं हाय."

बद्री काडी तोंडात ठेवून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जायचा. "माय, दादाचा पटका."

"सांग त्यांना, खुंटीला हाय. डोळे उघडून बघितलं तर दिसल."

बद्री ओसरीवर यायचा. "खुंटीला हाय."

पोरगं हुशार होतं म्हणतात ते खोटं नव्हतं. निरोपाचा दुसरा अर्धा भाग कुठं गिळायचा हे त्याला पाचव्या वर्षीच कळलं होतं.

"बद्री, सूनबाईला सांग, पाणी जास्त तापलं," काकासाहेब म्हणायचे.

"माय, पाणी जास्त तापलं."

"सांग त्यांना, विसण बाजूलाच ठेवलंय."

"आज्या, विसण बाजूला हाय."

"मला दिसतंय. तिला सांग, मला दिसलं म्हून."

ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्यात एक भिंत होती, आणि तीही वरपर्यंत गेलेली नव्हती. सगुणाबाईंनी तिखटात मीठ घातलं तरी ओसरीवर ऐकू यायचं. पण नुसतं ऐकू येणं ते निराळं, आणि बद्रीनं येऊन सांगणं ते निराळं. बद्री सांगेपर्यंत ती गोष्ट झालेली नसे. या सगळ्यातून काडी थुंकायला, तोंड धुवायला, सदरा घालायला जो वेळ उरे, त्यात बद्री तयार होई. आणि मदरशाची घंटा, म्हणजे लिंबाला टांगलेला लोखंडी तुकडा, तोवर वाजून थांबलेला असे. मग सगळे मिळून त्याच्यावर ओरडत. ओरडणं तेवढं थेट असे, त्याला कोणी मध्ये लागत नसे.

तर रामरावांचं पहिलं फर्मान: सकाळी कोणी मोठ्यानं बोलायचं नाही.

ते दुसऱ्या दिवसापासून लागू झालं, आणि बद्रीचं काम दुप्पट झालं. आधी तो अंगणाच्या मधोमध उभा राहून दोन्हीकडं ओरडू तरी शकायचा. आता ओरडणं बंद. म्हणून स्वयंपाकघरात जाऊन मायच्या कानाशी, मग ओसरीवर येऊन आजाच्या कानाशी, आणि आजाला डाव्या कानानं कमी ऐकू यायचं म्हणून वळसा घालून उजव्या. घर खरोखर शांत झालं होतं. त्या शांततेतून अनवाणी पावलांचा आवाज तेवढा येत होता. बद्री त्या दिवशी मदरशात पोहोचला तेव्हा घंटेचा शेवटचा टोला अजून हवेत होता, म्हणून वाचला.

"पळत कशापायी गेला?" रामराव चिडून म्हणाले. "शांत जायचं ठरलंय ना. बद्री आला म्हंजे इचारा त्याला."

दुसरं फर्मान: सगळी तयारी आदल्या संध्याकाळी. टोपी, सदरा, पाटी, दप्तर, सगळं कोनाड्यात काढून ठेवायचं.

"बद्री, सांग तुझ्या मायला, सदरा धुतला का."

"धुतला म्हणती."

"वाळला का."

"वाळंल म्हणती."

"वाळंल म्हंजे कवा?"

"ते वाऱ्याला इचारा म्हणती," बद्री म्हणाला आणि त्याला कळलं की आज घाईत दुसरा भाग गिळायचा राहिला. असे सकाळचे निरोप संध्याकाळी झाले. सकाळच्या जागेवर नवे निरोप आले, ते कोनाड्यातून काय कोणी हलवलं याबद्दलचे. टोपी काकासाहेबांनी ओली होऊ नये म्हणून उचलून ठेवली होती आणि कुठं ठेवली ते त्यांना आठवत नव्हतं.

रामरावांचं डोकं उठलं. गावात पोरं काय कमी होती? धनगरवाड्यातल्या मल्हारीचा धर्मराज रोज घंटेच्या आधी लिंबाखाली येऊन बसायचा. मल्हारीकडं शंभर कामं. मेंढरं सोडायची, दूध काढायचं, आणि तरी त्याचं पोरगं तेल लावून भांग पाडून हजर. रामरावांनी एक दिवस पहाटे शेतावर जायच्या निमित्तानं मल्हारीच्या दारात बैठक मारली आणि नीट बघितलं.

"ओ," मल्हारीची बायको साखराबाई चुलीपासून म्हणाली, "ते घोंगडं उचला. तिथं मी चरवी ठेवणार हाय."

मल्हारीनं घोंगडं उचललं.

"त्याची टोपी?" मल्हारी म्हणाला.

"त्याच्या डोक्यावर हाय."

धर्मराजनं भाकरीचा तुकडा दुधात बुडवून खाल्ला आणि तो गेला. सगळं एवढ्यात आटपलं. रामराव बघतच राहिले.

"मल्हारी, तुम्ही करता तरी काय?"

"काय करणार," मल्हारी म्हणाला. "आमच्यात सकाळी बोलायला फुरसत कुणाला हाय. मेंढरंच एवढी बोलतात."

रामराव विचार करत घरी आले. त्यांनी सगळं बारकाईनं पाहिलं होतं आणि त्यातली मुख्य गोष्ट बरोबर पकडली होती. ती म्हणजे दूध.

तिसरं फर्मान: बद्रीला सकाळी दूध-भाकरी. आणि सगळ्यांनी कोंबड्याच्या आधी उठायचं.

दूध किती, कोणत्या वाटीत, तापवून का धारोष्ण, साय घालून का काढून, यावर ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्यात जे झालं त्यात बद्रीचं दूध निवलं, त्यावर साय धरली, आणि मग ती साय मांजरानं खाल्ली. लवकर उठल्यामुळं बोलायला वेळही जास्त मिळाला. काकासाहेबांना तर त्या वेळात जुन्या निरोपांची उत्तरंही आठवली. बद्री घंटेबरोबर धापा टाकत पोहोचला. मास्तरांनी त्याच्याकडं बघितलं, मग लिंबाकडं बघितलं.

"या घरात माझं कोणी ऐकतं का?" रामराव त्या संध्याकाळी म्हणाले. "बद्री, सांग सगळ्यांला, मी काय इचारलं."

"सगळ्यांनी ऐकलंय, दादा."

"तरी सांग."

तपासणी जवळ येत चालली होती. आता एकच उपाय उरला होता, आणि तो रामरावांना बैलांना पाणी दाखवताना सुचला. दुसऱ्या दिवशी अजून तांबडंही फुटलं नव्हतं तेव्हा त्यांनी बद्रीला हाताला धरून उठवलं. कोणी काही म्हणायच्या आत टोपी घातली, फडक्यात भाकरी बांधून दिली आणि त्याला नेऊन मदरशाच्या पायरीवर बसवला.

"इथून हलू नको. घंटा झाली की आत."

"आणि घरी?"

"घरी काय हाय?"

बद्रीला उत्तर ठाऊक होतं, पण त्यानं ते गिळलं.

रामराव परत आले आणि ओसरीवर बसले. आणि घर खरंच शांत होतं. कोणी बोलत नव्हतं. कोणी पळत नव्हतं. रामरावांनी डोळे मिटून एक लांब श्वास घेतला आणि मनातल्या मनात पोराला जालन्याच्या गाडीत बसवलं.

मग त्यांना आठवलं, की आज घनसावंगीला बैल बघायला जायचं आहे, सालगडी कचरू दारात गाडी जुंपून उभा आहे, आणि आपला जोडा सापडत नाही.

त्यांनी तोंड उघडलं. "बद्री" म्हणाले. आणि थांबले.

स्वयंपाकघरात तवा जरा जोरात वाजला. भाकरी झाली असा त्याचा अर्थ असावा, किंवा नसावा. रामरावांनी तांब्या आपटून बघितला. आतून बांगड्या वाजल्या. कोणाला काही कळलं नाही.

न्हाणीतून काकासाहेब खोकले. पहिला खोकला साधा होता. दुसऱ्यात पाणी मागितल्यासारखं वाटलं. तिसऱ्यात राग होता.

सगुणाबाई दाराशी येऊन गाईला म्हणाल्या, "गाये, बैलगाडी कवाची उभी हाय, भाकरी गार होऊन राह्यली." गाय रवंथ करत राहिली. रामराव खांबाला म्हणाले, "जोडा कोणी उचलून ठिवला असंल तर देवाला ठाऊक." खांबानंही ते मनावर घेतलं नाही. दारातून कचरू म्हणाला, "मालक, ऊन चढतंय." तेवढा एकटा थेट बोलत होता, आणि त्याला कोणी उत्तर देत नव्हतं.

"रामराव," अखेर न्हाणीतून आवाज आला, "अंगाला साबण लागलाय. पोराला बोलाव."

पुढं जे झालं त्याबद्दल रामरावांनी पुष्कळ दिवस आपल्याशीच वाद घातला. पण त्या वेळी त्यांना दुसरं काही सुचलं नाही. ते अनवाणी धावत मदरशात गेले. घंटा होऊन पोरं रांगेत उभी राहिली होती, बद्री पहिल्यांदाच त्यांत होता, पुढून दुसरा, टोपी सरळ. रामरावांनी त्याला दंडाला धरून रांगेतून ओढून काढला आणि मास्तर "अहो, अहो" म्हणेपर्यंत घराकडं नेला.

घरी बद्रीनं उंबऱ्यात उभं राहून सगळं सांगितलं. आज्याला पाणी पाहिजे. दादाचा जोडा पिंपाच्या मागं. भाकरी तयार. पोरगं सरावलेलं होतं. काम निमिषात झालं. मग रामरावांनी त्याला पुन्हा मदरशात नेला.

राधाकिसन मास्तर दारात उभे होते.

"आला, गेला, आणि उशिरा आला," ते म्हणाले. "एकाच सकाळी तिन्ही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी हे पाह्यलं न्हवतं." मग खाली वाकून म्हणाले, "काय रे, घरी काय करायला गेल्तास?"

"निरोप सांगायला."

"कोणाचा?"

"दादाचा, मायचा, आज्याचा."

"कोणाला?"

"मायला, दादाला, आज्याला," बद्री म्हणाला.

मास्तर सरळ झाले. "रोज?"

"रोज. संध्याकाळी बी. दूध सुरू झाल्यापासून जास्त."

पोरं हसली. मास्तर हसले नाहीत. "रामराव," ते म्हणाले, "हे पोरगं तुमच्याकडं नोकरीला हाय, आणि मी त्याला शिकवून राह्यलो. असं कसं जमायचं? उद्या मोहतमीमसाहेब येतात. उद्या हे घंटेच्या आधी आलं आणि सुटीपर्यंत इथंच राह्यलं तर ठीक. न्हाईतर मी खारिज करतो. मंग तुम्ही त्याला पूर्ण वेळ ठेवा."

रामराव परत निघाले. घनसावंगीचा बैल तसाच राहिला. वाटेत त्यांना, कोणी न बोलवता, एक आठ वर्षांचं पोरगं दिसलं. तेच घर, तीच अर्धी भिंत, तोंडात लिंबाची काडी. "रामा, तुझ्या मायला सांग." "रामा, त्यांना म्हणावं." आणि लांबून लिंबाचा लोखंडी तुकडा वाजतोय. मास्तर वाईट नव्हता. मास्तरानं एक दिवस नाव काढलं, एवढंच.

ओसरीवर काकासाहेब उन्हात बसले होते. रामराव त्यांच्यासमोर उभे राहिले. त्यांना राग आला होता आणि तो कुठं ठेवावा ते कळत नव्हतं.

"काकासाहेब, मी दुसरीतून काहून निघालो?"

"मास्तर वाईट होता."

"मास्तर बराबर होता. मी तुमचे निरोप सांगत होतो."

काकासाहेबांनी पाय आखडून घेतले. जवळ आलेली कोंबडी हाकलली.

"तुझी माय फार बोलायची," ते म्हणाले. "सगळ्यांशी बोलायची. माझ्याशी एकदा बी न्हाई."

"तुम्ही बोलले का?"

"तू होतास की."

रामराव खाली बसले. आतलं भांडं घासणं थांबलं होतं. सगुणाबाई ऐकत होत्या, आणि आज ऐकू आलेलं सांगायला कोणी येणार नव्हतं.

"रीत मोडू नको," काकासाहेब म्हणाले. "माझ्यासमोर नको. पण एक सांगतो. उद्यापासून मला मदरशाची घंटा होईपर्यंत ऐकू येत न्हाई. दोन्ही कानांनी न्हाई. आणि माझं पाणी कचरू ठेवील." त्यांनी घोंगडी डोक्यावरून घेतली. त्या घरातलं हे पहिलं फर्मान होतं, जे लगेच पाळलं गेलं.

त्या दिवशी रामराव शेतात गेले, पण काम काही झालं नाही. उद्या बायकोशी बोलायचं होतं. बोलायचं काय, त्याची त्यांनी औतामागं चालत तयारी केली. घराची रीत, जुना काळ आणि नवा काळ, पोराचं नशीब, आईबापाचं कर्तव्य. मोठं बांधलं होतं. अडचण एकच होती, आणि ती चार तास फिरवूनही सुटली नाही: हाक काय मारायची. नाव घेणं शक्य नव्हतं. "बद्रीची माय" म्हणावं तर त्यात बद्री आलाच.

सकाळ झाली. बद्री टोपी घालून, दप्तर गळ्यात अडकवून अंगणात उभा होता. त्याला सक्त ताकीद होती, की कोणी काही सांगितलं तरी सांगायचं नाही. काकासाहेब घोंगडी ओढून भिंतीकडं तोंड करून बसले होते; ऐकत नव्हते, पण मान जरा जास्तच स्थिर होती. पलीकडं दुर्गाबाईंचं दार उघडं होतं.

रामराव स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. दिवसाउजेडी या उंबऱ्यापर्यंत ते याआधी कधी आले नव्हते. घसा खाकरला. सगुणाबाई चुलीशी पाठमोऱ्या होत्या. त्यांची पाठ ताठ झाली.

"ऐकलं का," रामराव म्हणाले.

पाठ हलली नाही, पण ऐकलं होतं.

आणि मग रामरावांनी बोलायला सुरुवात केली. आधी आवाज फुटेना, मग थांबेना. आपण दुसरीतून का निघालो ते सांगितलं. पोरगं आपल्यासारखं भाकरी आणि निरोप वाहत मोठं होऊ नये, हे सांगितलं. बारा वर्षांत तुमच्याशी उजेडी एक शब्द बोललो नाही, चूक कुणाची ते देव जाणे, पण आजपासून या घरात जे सांगायचं ते ज्याचं त्यानं सांगायचं, समोरासमोर सांगायचं, हेही सांगितलं. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, या क्षणानंतर हे घर पहिल्यासारखं राहणार नाही.

लांबून लिंबाचा तुकडा वाजायला लागला. रामरावांनी दचकून अंगणात बघितलं. बद्री नव्हता. भाषण चालू असतानाच तो केव्हातरी निघून गेला होता, आणि त्याला कोणी हाक मारली नव्हती.

घंटा वाजून थांबली.

सगुणाबाई चुलीपासून उठल्या. हातात घमेलं होतं. डोक्यावरचा पदर त्यांनी नीट केला आणि त्या दाराशी, रामरावांच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याकडं दिवसाच्या उजेडात सरळ बघितलं. ओसरीवरची घोंगडी किंचित खाली सरकली.

"जरा सरका," त्या म्हणाल्या. "राख टाकायची हाय."